लोण्यातलं अंडं

चिंचवड, १८ नोव्हेंबर १९५५

चि. मोरेश्वर,

आशीर्वाद तुला जन्मापासून आहेतच. पत्राची पहिली ओळ रिकामी राहू नये म्हणून पुन्हा लिहिले.

भुसावळहून टाकलेलं तुझं पाकीट परवा पोचलं. ‘सुमनला तिच्या भावाकडे राजापूरला धाडून दे. ती त्या घरात आहे तोवर मी चिंचवडला पाऊल टाकणार नाही,’ असं तू लिहितोस. वाचून पत्र देव्हाऱ्याखाली सरकवलं आणि कणीक मळायला घेतली. तिथल्या तिथे उत्तर लिहिलं असतं तर ते पोस्टमननंही वाहून नेलं नसतं. आज डोकं ठिकाणावर आहे. सुमन कुठेही जाणार नाही. ती या घरची सून आहे, फलाटावर चुकून उचललेली दुसऱ्याची ट्रंक नव्हे. तू रेल्वेत आहेस, तुला यातला फरक कळायला हवा.

तुला भीती वाटते हे मला समजतं. तू शाळकरी होतास तेव्हा तुझे वडील याच क्षयाच्या दुखण्यानं गेले. पडवीतल्या खोलीतला तो खोकला तू रोज ऐकला आहेस. म्हणूनच लिहितोस, ‘बाबांचं ताट वेगळं ठेवायचीस तसं तिचंही ठेव.’ ठेवलं आहे. उकळत्या पाण्यातून काढते, खिडकी दिवसभर उघडी असते, थुंकीचं भांडं डॉक्टर म्हणाले तसं झाकून ठेवते आणि आतली थुंकी जाळून टाकते. पुढच्या वेळी ताटाची चौकशी कमी केलीस आणि माणसाची थोडी जास्त केलीस तर बरं होईल.

तशी तिची तब्येत ठीक आहे. थोडा खोकला आहे, संध्याकाळी थोडा ताप येतो.

तिला पुण्याला दाखवून आणलं. आकुर्डीच्या वजीरचा टांगा स्टेशनपर्यंत केला. टांग्यात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की डोकं टेकलेलं आहे, इतकं ते हलकं झालंय.

डॉक्टर तरुण आहे, बोलायला नीट आहे. मी त्याला विचारलं, "आमच्या पिंपरीत एवढा मोठा औषधाचा कारखाना उभा राहिला, त्यातलं औषध हिला नाही का लागू पडणार?" तो म्हणाला, "नाही आजी, ते औषध या जंतूंवर चालत नाही. हिला वेगळी इंजेक्शनं आहेत, ती बराच काळ घ्यावी लागतील. पण इंजेक्शन जंतू मारील. हिच्या अंगावरचं जे झडून गेलंय ते अन्नानंच भरून यायला हवं. रोज दोन अंडी द्या, लोण्यात शिजवून."

मी म्हटलं, "आमच्या घरात अंडं येत नाही."

तो चिडला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "बलकात काही सत्त्वं अशी असतात की ती स्निग्धाबरोबर पोटात गेली तरच अंगी लागतात. मांस घडवायला जे लागतं ते पांढऱ्यातही आहे, पिवळ्यातही आहे. लोण्यानं ताकद मिळते. हिला एका वेळी चार घासांच्या वर जात नाही, तेव्हा त्या चार घासांतच सगळं बसवायला हवं." मी विचारलं, तूप घातलं तर नाही का चालणार? म्हणाला, "चालेल की. पण तूप तुम्ही धूर येईपर्यंत तापवाल आणि अंड्याचं चामडं कराल. लोणी जरा आच वाढली की करपतं, त्यामुळे आपसूक मंद आचेवर शिजवावं लागतं. मंद आचेवरचं अंडं मऊ राहतं. ते हिच्या घशाखाली उतरेल."

स्वयंपाक मला कुणी शिकवायची वेळ लग्नानंतर आली नव्हती. त्या पोरानं आणली.

  दारात टांग्यातून उतरताना सुमन म्हणाली, "सासूबाई, मी दूधच जास्त घेईन." दूध तिला पचत नाही हे ती जाणते आणि मीही जाणते.

अंडी आणायचं मी ठरवलं आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे.

तुझी आई

चिंचवड, ६ डिसेंबर १९५५

चि. मोरू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, तू वाचलंस न वाचलंस तरी शाई माझी आहे.

मागच्या अंगणात लिंबाच्या झाडापाशी तीन दगडांची चूल मांडली आहे. बिडाची नवी कढई आणली. एक जुनं लुगडं त्या चुलीसाठीच बाजूला काढलं आहे. आजवर स्वयंपाकघरात शिरताना सोवळं नेसत आले, आता स्वयंपाकघरातून बाहेर जाताना लुगडं बदलते आणि परत येताना आंघोळ करते. या उलट्या सोवळ्याची मलाच गंमत वाटते. मंगलमूर्तीला मी सांगून टाकलं आहे की तुझ्या घरात काही आणत नाही, अंगणात काय चाललंय तिकडे तूर्तास बघू नकोस.

अंडी वजीर टांगेवाल्याच्या बायकोकडून आणते. शहाजादी तिचं नाव. आकुर्डीच्या रस्त्याला त्यांचं घर आहे, मागे कोंबड्यांचं खुराडं. मी स्वतः चालत जाते. पहिल्या दिवशी तिनं मला दारात पाहिलं तेव्हा तिला वाटलं मी वाट चुकले. काय हवंय ते सांगितल्यावर तिनं आधी मला घोंगडी अंथरून बसवलं आणि मग विचारलं, "सूनबाईला किती दिस झालं ताप येतुया?" अंडी कुणासाठी, हे मी अजून सांगितलेलंच नव्हतं.

पहिला दिवस फजितीचा गेला. लोणी ताज्या ताकातलं, नीट धुतलं नव्हतं, त्यात ताक राहिलं होतं. कढईत टाकल्याबरोबर तडतडून माझ्या हातावर उडालं. पहिलं अंडं फोडताना मी इतकं हळू आपटलं की काही झालं नाही, मग इतकं जोरात की सगळं दगडावर सांडलं. दुसरं वाटीत फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा अंड्याच्या आत काय असतं ते पाहिलं. मला वाटलं होतं काहीतरी ओंगळ असेल. तर तो बलक असा, कार्तिकातल्या झेंडूसारखा, आणि भोवती स्वच्छ पाणी.

मग ते पाणी लोण्यात सोडलं. मोरू, मी एवढी वर्षं चूल सांभाळते आहे. भात फुलताना पाहिला, दूध फाटताना पाहिलं, पाकाला तार येताना पाहिली. यांतलं काहीच असं नव्हतं. आरपार दिसणारं पाणी माझ्या डोळ्यांदेखत कडेनं पांढरं होत आत आलं, घट्ट झालं, आणि लोण्याला त्याच्याभोवती बारीक फेस आला. वरून काही घातलं नाही, ढवळलं नाही. आपल्या आपण ते अन्न झालं. मी कढई उतरवायची विसरून बघत बसले आणि कड थोडी करपली.

सुमननं तोंड फिरवलं. म्हणाली, "मी हे खाल्लं तर तुम्ही मला शिवायच्या नाहीत."

मी म्हटलं, "शिवल्याशिवाय भरवणार कशी?" आणि घास तिच्या तोंडापाशी धरला. तिनं डोळे मिटून तो घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला आणि डोळे उघडून म्हणाली, "लोण्याचीच चव आहे." चारही घास गेले.

दुपारी शेजारची अंबूबाई कुंपणावरून विचारत होती, "दुर्गाबाई, कसला वास येतोय हो?" मी औषधाचा म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या आडावर पाणी भरायला येणं बंद केलं. आता आडावर गर्दी नसते, तेवढीच सोय झाली.

तुझी आई

चिंचवड, ९ जानेवारी १९५६

मोरू,

आजचं पत्र नीट बसून वाच. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकणार नाही. अंबूबाईला सांगायची सोय उरली नाही आणि देवाला आधीच ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी शहाजादीकडे गेले तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. टोपलीत अंडी होती, हात लावला तर गार. खुराड्याच्या कोपऱ्यात गवतावर आणखी काही अंडी दिसली. तिथली कोंबडी उठून दाणे टिपायला गेली होती. त्यांना हात लावला तर छान ऊन लागली. मला वाटलं, बघा, ही बाई मला इतके दिवस शिळी अंडी देते आहे आणि ताजी आत लपवून ठेवते. दूध धारोष्ण चांगलं, भाकरी तव्यावरून उतरलेली चांगली, तेव्हा अंडंही ऊन असेल तेच ताजं, असा माझा सरळ हिशेब. त्यातली दोन उचलली. थंडी होती म्हणून पदराखाली पोटाशी धरून घरी आणली, सुमनला ताजी मिळावीत म्हणून. प्रत्येकावर कोळशाची रेघ होती. ती मळ समजून कोमट पाण्यानं स्वच्छ धुऊन काढली.

कढईत लोणी वितळलं. पहिलं अंडं वाटीत फोडलं.

बलकावर तांबड्या रेघांचं जाळं पसरलं होतं, पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं. जाळ्याच्या मध्यभागी तिळाएवढा तांबडा ठिपका होता आणि तो उडत होता. मला वाटलं माझाच हात कापतोय. वाटी दगडावर ठेवली आणि हात मागे घेतला. ठिपका उडतच राहिला. थांबायचा नाही, घाई करायचा नाही. आत, बाहेर, आत, बाहेर.

किती वेळ बसले ते माहीत नाही. लोणी जळून काळं झालं, त्याचा वास गेला म्हणून सुमन घोंगडी पांघरून दारात आली. मी वाटीकडे बोट केलं. ती माझ्याशेजारी बसली. तिनं वाकून पाहिलं आणि उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरलं, डॉक्टर नाडी बघतो तसं. मग म्हणाली, "सासूबाई, याला अजून तोंड नाही, डोळे नाहीत. पण काळीज आहे."

आम्ही दोघी बघत होतो. हळूहळू ते मंदावलं आणि थांबलं.

लिंबाच्या मुळाशी खड्डा करून ते पुरलं. दुसरं अंडं अजून फोडलं नव्हतं. ते उचलून पोटाशी धरलं आणि आकुर्डीची वाट धरली. तुझी आई त्या दिवशी रस्त्यानं पळत होती असं तुला कुणी सांगितलं तर ते खरं आहे.

शहाजादी आधी माझ्यावर खेकसली. "आजी, रेघ बगितली न्हाई का? खुडूक कोंबडीखालची हायेत ती. उबवायला बसवल्याली. चुकून कुनी नेऊ नयेत म्हून तर रेघ मारती मी."

मी म्हटलं, "रेघ मी धुतली."

"धुतली?"

"मळ वाटला. आणि ऊन होती म्हणून ताजी वाटली."

 तिला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिनं माझ्या हातातलं अंडं घेतलं आणि मला खुराड्याच्या आत नेलं. आत अंधार होता. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप येत होती. तिनं अंडं त्या तिरीपेसमोर धरलं. कवच केशरी उजळलं. आत तेच जाळं दिसलं आणि मधला ठिपका दिसला. "जित्तं हाय," ती म्हणाली. आणि ते हलकेच गवतात ठेवून तिनं कोंबडीला वर बसवलं. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला सांगता येणार नाही. तिथे कोंबडी होती, शहाजादी होती आणि तिरीप होती.

त्यानंतर मी अंडी आणली नाहीत. सुमननंही मागितली नाहीत. आम्ही भात-वरण खाल्लं. तिला ते गेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी ताप पुन्हा चढला आणि खोकल्यातून तांबडं पडलं.

ते तांबडं पाहिलं आणि मला वाटीतलं तांबडं आठवलं. मग मी विचार करत बसले. कवचाच्या आत बाहेरून काही जात नाही. दाणा जात नाही, पाणी जात नाही. कोंबडी फक्त ऊब देते. तरी तीन आठवड्यांनी त्यातून पिल्लू बाहेर येतं, त्याला डोळे असतात, चोच असते, नखं असतात, अंगभर पिसं असतात आणि बाहेर आल्याबरोबर दाणा टिपायची अक्कल असते. हे सगळं कशाचं झालं? त्या पांढऱ्याचं आणि पिवळ्याचं. एक अख्खा जीव उभा करायला जे काही लागतं ते सगळं त्या एवढ्याशा जागेत भरून ठेवलेलं आहे, काही कमी नाही, काही सांडलेलं नाही. डॉक्टर मला हेच सांगत होता. त्यानं शब्दांत सांगितलं तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं. वाटीत पाहिलं तेव्हा कळलं. मोरू, एवढी वर्षं मी ज्याला अभद्र म्हणत होते ते काय होतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो.

शहाजादी म्हणाली होती, "गार अंड्यात जीव न्हाई आजी, मनाला लावून घिऊ नगा." ती चांगल्या मनानं म्हणाली. पण मी असली सोयीची समजूत करून घेणार नाही. त्यात जीव घडवायचं सामान आहे आणि ते मी एकाचं घेऊन दुसरीला देते आहे. घेते आहे हे मला माहीत असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकुर्डीला गेले. टोपलीतली गार अंडी घेतली. चूल पेटवण्याआधी त्यांना नमस्कार केला आणि मग फोडली.

आई

चिंचवड, १८ मार्च १९५६

चि. मोरेश्वर,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांनी चार शब्द. ‘आई, तू घर बाटवलंस.’ कार्डावर उघडं लिहिलंस, तेव्हा पोस्टातल्या सगळ्यांनाही कळलं असेल. बरं झालं, मला वेगळं सांगत फिरायला नको.

आता ऐक. नोव्हेंबरात मी तुला लिहिलं होतं, थोडा खोकला, थोडा ताप. ते खोटं होतं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की छातीच्या दोन्ही बाजू धरल्या आहेत, हिच्या माणसांना बोलावून घ्या. मी तुला तसं कळवलं असतं तर तू आला नसतास, आणि तू आला नाहीस हे तिला कळलं असतं. म्हणून नाही कळवलं.

आणि आता हे वाच. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. भाकरी थापायचं सोड, वेणी घालायला हात वर केला तरी त्या दंडाकडे पळायच्या. गेल्या आठवड्यात ती तुळशीला पाणी घालत होती आणि बांगड्या मनगटापाशी थांबल्या. तिथेच, जिथे थांबायला हव्यात. मी ओसरीवरून पाहत होते. हातातले तांदूळ निवडायचे राहून गेले. तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला बारीक नवी लव आली आहे, तान्ह्या मुलाला असते तशी. नखांना रंग आला आहे. परवा तिनं माझ्याशी भांडण केलं, लोणी कमी घातलं म्हणून. मला एवढा आनंद झाला की मीही तिच्याशी थोडं भांडून घेतलं.

हे इंजेक्शनांनी झालं म्हणशील. झालं असेल. डॉक्टरही म्हणतो, दोन्ही लागतं. पण इंजेक्शन टोचताना मी डोळे मिटते. लोण्यातलं अंडं मात्र रोज माझ्या हातून तिच्या आत जातं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गालावर दिसतं. हे बघण्याची मला अजून सवय झालेली नाही. होऊ नये असंच वाटतं.

घर बाटलं की नाही याचा मी विचार केला. मी ते अंडं अजून चाखलेलं नाही, चाखणारही नाही. मीठ अंदाजानं घालते. तरी सुमन म्हणते की मीठ कधी चुकत नाही. मला नवल वाटलं, मग आठवलं की न चाखता रांधायची सवय मला जन्मभराची आहे. नैवेद्याला आपण कुठे चव बघतो? गणपतीपुढे ठेवेपर्यंत मोदकातलं सारण गोड आहे की अगोड हे करणारीला माहीत नसतं. मी तसंच करते आहे. आता सांग, कोण बाटलं.

शहाजादीकडचं ते अंडं फुटलं. तांबूस पिल्लू आहे, एका पायानं जरा फेंगडं चालतं. ती त्याला ‘आजीचं’ म्हणते. मी गेले की ते माझ्या पायांत घुटमळतं. त्याला काय आठवत असणार, पण मला आठवतं.

तुझी आई

चिंचवड, २० फेब्रुवारी १९५७

चि. मोरू,

आशीर्वाद. आज ते मनापासून लिहिले आहेत, तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच.

सुमनचा फोटो काढला, छातीचा. डॉक्टरनं तो खिडकीला धरला. शहाजादीनं अंडं तिरीपेला धरलं होतं अगदी तसा. आत फासळ्या दिसत होत्या, आणि जिथे सव्वा वर्षापूर्वी पांढरे ढग होते तिथे आता वाळलेले बारीक डाग तेवढे राहिलेत. थुंकीत काही सापडलं नाही, पुन्हा पुन्हा तपासली तरी नाही. "हिच्यापासून आता कुणाला धोका नाही," असं तो म्हणाला. औषध अजून काही महिने घ्यायचं आहे, खाणं तर चालूच ठेवायचं आहे. मी त्या फोटोकडे बघत उभी होते. माझ्या कढईतलं लोणी, शहाजादीच्या कोंबड्या, ती पांढरी-पिवळी वाटी, या सगळ्याचं तिथे काहीतरी झालं होतं, आणि ते फासळ्यांच्या आत श्वास घेत होतं. मला उभं राहवेना म्हणून त्यानं मला स्टूल दिलं. तपासायला आलेली सून आणि बसायला लागली सासू.

तुझं पत्र त्याच संध्याकाळी आलं. डॉक्टरला तू परस्पर लिहून विचारलंस आणि त्यानं तुला उत्तर दिलं, हे मला आता कळलं. ‘रविवारी येतो आणि सुमनला भुसावळला घेऊन जातो,’ असं तू लिहितोस. बरंच झालं. पण न्यायची आहे ती एक बाई आहे, आणि तिला तोंड आहे. मी तिला पत्र वाचून दाखवलं.

तेव्हा ती चूल लिंपत होती. अंगणातली ती चूल आता तीच सांभाळते. हात धुऊन ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "त्यांना लिहा, या म्हणावं. मी रागावलेली नाही. त्यांनी लहानपणी काय पाहिलंय ते मला माहीत आहे. पण आल्यावर मी अंडं करीन, लोण्यात. माझ्या ताटात आधी मी जेवेन आणि मग त्याच ताटात त्यांनी जेवायचं. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघते. नाही झालं तर मी इथेच आहे, सासूबाईंजवळ."

 बायको नवऱ्याच्या ताटात त्याच्यामागून जेवते, हे आपल्याकडे इतकं रोजचं आहे की ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. नवऱ्यानं बायकोच्या ताटात जेवावं, हे माझ्या उभ्या जन्मात माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्यापुढे बसलेली ती पोर, मनगटाशी बांगड्या, गालावर रंग, मान ताठ. मला पहिल्यांदाच तिचं थोडं भय वाटलं, आणि तुझा हेवा.

आता एक गोष्ट सांगते. ती मी तुला कधी सांगितली नाही, कारण सांगायची वेळ आली नव्हती.

तुझ्या वडिलांचं ताट मी वेगळं ठेवत होते, असं तू आजवर धरून चालला आहेस. ते वेगळं होतं ते तुझ्यापासून. तू जेवून शाळेत गेलास की मी त्यांना वाढायची. त्यांचं झालं की त्याच ताटात, त्यांनी बाजूला सारलेल्या घासाशेजारी, स्वतःला वाढून घ्यायची. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. ते नको म्हणायचे, हातानं ताट ओढायचे. मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. रोज वाटायची. तुला कोण वाढवील, ही त्याहून मोठी भीती होती. तेव्हा औषध नव्हतं, आणि ते दुखणं खरोखर लागणारं होतं. आजच्या डॉक्टरला विचारलं तर तो मला वेडी म्हणेल आणि ते बरोबरच असेल. पण ज्या माणसाला सगळं जग लांबून वाढत होतं, त्याच्या ताटात कुणीतरी जेवत होतं, एवढं घेऊन ते गेले.

सुमनचं दुखणं आता कुणाला लागत नाही. तुला जे करायचं आहे त्यात धाडस काही नाही. एका अंड्याचे चार घास आहेत. मी चाखलेलं नाही, पण ती म्हणते, लोण्याचीच चव आहे.

शनिवारी संध्याकाळी ताक घुसळून ठेवते. लोणी या वेळी नीट धुऊन घेईन. चूल ती पेटवेल, मी पान मांडीन, आणि रविवारी ताट एकच काढीन.

तुझी आई